सव्वापंधरा इंच

३ मार्च

धाकट्या,

काल सकाळी दहा वाजता मिस्त्री माझ्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात शस्त्र-परवाना कार्यालयाची नोटीस होती, म्हणून हे पत्र लिहिते आहे. एरवी तुला पत्र लिहायची मला हौस नाही, हे तुला माहीत आहे.

मिस्त्री आत यायला तयार नव्हते. उंबऱ्यातच उभं राहून त्यांनी नोटीस पुढे केली आणि म्हणाले, "ताई, भाषा जड आहे, तुम्ही वाचा." मी वाचली. बाबांच्या रायफलीची नळी मिस्त्रींनी कायद्याने ठरवलेल्या लांबीपेक्षा आखूड कापली, असा त्यांच्यावर आरोप आहे. वार्षिक तपासणीत नळी सव्वापंधरा इंच भरली. कमीत कमी सोळा हवी. मिस्त्रींचा दुरुस्तीचा परवाना कार्यालयाने जमा करून घेतला आहे आणि दुकानाला कुलूप लागलं आहे. अठ्ठावीस तारखेला सुनावणी आहे. तिथे समाधानकारक खुलासा झाला नाही तर परवाना कायमचा रद्द.

खाली लिहिलं आहे की हा आरोप रायफलधारकाच्या सहीच्या जबाबावरून केला आहे. रायफलधारक म्हणजे तू.

मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला, "धाकट्या भाऊंनी असं का लिहून दिलं असेल?" चिडून नाही. पोस्टमनने पत्र चुकीच्या घरी टाकलं तर माणूस जसं विचारतो, तसं.

बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात बाबांच्या हाताखाली ते सतराव्या वर्षी आले आणि आज एकाहत्तर वर्षांचे आहेत. त्या दुकानाची कामाची वही मी कॉलेज संपल्यावर बारा वर्षं लिहिली आहे. चापाची स्प्रिंग बदलली तरी नोंद व्हायची आणि गिऱ्हाइकाची सही घेतली जायची. वह्या मिस्त्री घरी ठेवतात; काल मी वही मागवून गेल्या दोन वर्षांची पानं उलटली. त्यात तुझं नाव एकदाच आहे, दस्त्याला पॉलिश केल्याचं.

मला फक्त दोन गोष्टी कळव. नळी कोणी कापली, आणि का कापली.

ताई

*

७ मार्च

तीर्थरूप ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. ख्यालीखुशाली विचारायची पद्धत आपल्या घरात बाबांबरोबरच गेली म्हणायची. असो.

तू समजतेस तसं काही नाही. चोवीस इंची नळी म्हणजे केवढं लांबडं प्रकरण ते तुला ठाऊक आहे. जीपमध्ये आडवी मावत नाही, उभी केली तर छताला लागते. नेमबाजी क्लबात मंडळी म्हणायची, "उपाध्यक्ष, ही रायफल आहे की बांबू?" आजकाल सगळे आखूड वापरतात. म्हणून मी मिस्त्रींना सांगितलं, जरा छाटून द्या. सोळाच्या वर पाव इंच ठेवा असंही स्पष्ट बजावलं होतं. म्हणजे सव्वासोळा. याहून नेमकं माणूस काय सांगणार? त्यांनी घरगुती काम म्हणून वहीत लिहिलं नसेल, तर तो माझा दोष का?

आता त्यांचं वय झालं. हात थरथरतो, डोळ्यांना कमी दिसतं. चूक झाली असेल. तपासणीला साहेबांनी विचारलं, "कोणी कापली?" मी खरं ते सांगितलं. त्यात जबाब बिबाब कसला, त्यांनी लिहिलं आणि मी सही केली.

आणि खरं सांगू का, चूक झाली आहे असंही मला वाटत नाही. तो तपासणारा पोरगेला आहे, त्यालाच मोजता येत नसणार. मी घरी येऊन पुन्हा मोजली. सव्वासोळाच भरते.

ताई, तू कायदा शिकलेली नाहीस म्हणून सांगतो. दुरुस्तीवाल्याकडून चूक झाली तर फार तर त्याचा परवाना जातो. पण परवानाधारकाने स्वतः कापली असं ठरलं तर सरळ तुरुंग आहे. म्हणजे मी कापली असं नाही, पण लोक काय वाटेल ते बोलतात. पुढच्या महिन्यात क्लबची निवडणूक आहे. अध्यक्षपदाला मी उभा आहे. अशा वेळी तू शांत राहावंस अशी विनंती.

तुझा
धाकटा

*

१० मार्च

धाकट्या,

मी कायदा शिकले नाही, पदार्थविज्ञान शिकले. पण शस्त्रांच्या नियमांचं पुस्तक माझ्या कपाटात आहे आणि मला वाचता येतं, म्हणून तुझ्या माहितीसाठी लिहिते. परवानाधारक दुरुस्तीवाल्याने नळी आखूड करणं हा गुन्हाच नाही. दोन अटी आहेत. नळी सोळा इंचांच्या खाली जाता कामा नये, आणि बदललेली लांबी रायफलधारकाने पंधरा दिवसांत आपल्या परवान्यावर चढवून घ्यायची. मिस्त्रींनी कापली असती तर तुला फक्त कार्यालयात जाऊन एक आकडा बदलून घ्यायचा होता. तू गेला नाहीस. तुझ्या परवान्यावर आजही चोवीस इंच लिहिलं आहे, आणि म्हणूनच तपासणाऱ्या त्या पोरगेल्या माणसाने फूटपट्टी हातात घेतली.

छाटून द्या म्हणे. नळी म्हणजे कुंपणाची मेंदी नव्हे. ती जितकी लांब, तितका वेळ दारूला आत जळायला मिळतो आणि गोळीला वेग मिळतो. ती आखूड केली की उरलेली दारू तोंडाशी येऊन भडकते, कानठळ्या बसतात आणि गोळी मंदावते. नेम धरायची पुढची खूण त्या कापलेल्या तुकड्यावरच होती, ती आता कुठे बसवली आहेस? आणि गोळी बाहेर पडते ती तोंडाची कड जराशी जरी वाकडी राहिली, तरी प्रत्येक गोळी एका बाजूला ढकलली जाते. बाबा ती कड लेथवर कातून सरळ करायचे आणि भिंगातून बघायचे. मिस्त्रीही तसंच करतात. क्लबातल्या मंडळींना बांबू दिसला म्हणून तू हे सगळं मोडीत काढलंस. निदान मोडलं काय हे तरी समजून घ्यायचं होतं.

मिस्त्रींचा हात थरथरत नाही. काल त्यांनी माझ्यासमोर सुईत दोरा ओवला. मी मुद्दाम ओवायला दिला होता.

आता तू म्हणतोस की मोजलीस आणि सव्वासोळा भरली. कशी मोजलीस ते मला पायरी पायरीने लिही. नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट कुठे होता, सळई कुठून घातली, ती कुठे थांबली, खूण कुठे केली. सगळं लिही. तपासणारा खरोखरच चुकला असेल तर मी स्वतः कार्यालयात जाऊन त्याला चार शब्द सुनावीन.

ताई

*

१४ मार्च

तीर्थरूप ताईस नमस्कार.

शेवटी तुला पटलं म्हणायचं. बरं झालं. हे वाचून त्या साहेबाला दाखवच.

बोल्ट कार्यालयाने काढून ठेवून घेतला आहे, बाकी रायफल माझ्याकडेच आहे. तशी बोल्ट असला तरी मी तो काढूनच मोजतो. आत अडथळा कशाला? साफ करायची सळई पुढून तोंडातून आत घालायची. काडतूस टाकायची वरची खिडकी असते, तिच्या कडेशी सळईचं टोक दिसलं की थांबायचं. तोंडाशी सळईवर पेन्सिलीने खूण करायची. बाहेर काढून टेपने मोजायची. मी तीन वेळा केलं. तिन्ही वेळा सव्वासोळा, एक सूतही इकडे तिकडे नाही. मी हे काम नेहमी असंच करतो, माझ्या हातून मापात चूक होत नाही.

तू विचारलंस म्हणून सांगतो, नेमाची खूण बसवून घ्यायची राहिली आहे. गोळ्या जरा डावीकडे जातात, पण सवयीने जमतं.

आता एक मनातली गोष्ट. अगदी मापाचा घोळ निघालाच, तरी मिस्त्रींचं काय मोठं बिघडणार आहे? एकाहत्तर वर्षं म्हणजे दुकान बंद करायचंच वय. आज ना उद्या कुलूप लागणारच होतं. त्यांना मुलगा नाही, पुढे चालवणारं कोणी नाही. माझ्यापुढे मात्र अजून सगळं आयुष्य आहे. तू घरातली मोठी आहेस, तोलूनमापून बघ.

तुझा
धाकटा

*

१७ मार्च

धाकट्या,

तोलूनमापून बघितलं.

नळीची लांबी कायद्याने कशी मोजतात ते नियमांच्या पुस्तकात चार ओळींत दिलं आहे. रायफल रिकामी आहे याची खात्री करायची. बोल्ट आत घालून बंद करायचा. मग तोंडातून सळई सोडायची, ती बंद बोल्टच्या तोंडाला टेकली की खूण करायची. नळी तिथे संपते. तू बोल्ट काढलास, आणि सळई नळी संपल्यावरही पुढे चालत राहिली, बोल्ट बसायच्या रिकाम्या जागेतून थेट खिडकीपर्यंत. तू रायफलीची नळी मोजली नाहीस. नळी अधिक पुढचं भोक मोजलंस.

ते भोक बाबांच्या रायफलीत बरोबर एक इंचाचं आहे. मी काल दुकानाच्या जुन्या वहीतला तिचा नकाशा काढून बघितला. बाबांनी स्वतः आखलेला आहे, आकडे माझ्या अक्षरात आहेत. तुझ्या सव्वासोळातून एक इंच वजा कर. एवढं तुला जमावं. उत्तर त्या पोरगेल्या माणसाने लिहिलेलंच येतं.

इथवर तू फक्त अडाणी ठरतोस. अडाणीपणाबद्दल मी पत्र लिहिलं नसतं, तो तुझा जुनाच आहे. आता पुढचं वाच.

सात तारखेच्या पत्रात तू लिहिलंस की नळी सव्वासोळा इंच ठेवायची होती. ती सव्वापंधरा झाली. चूक पाऊण इंचाची नाही, दीड इंचाची नाही, बरोबर एका इंचाची आहे. हात थरथरल्याने असं होत नाही. थरथरणारा हात वाकडं कापतो, एक इंच मोजून आखूड कापत नाही. ज्याने कापायची खूण केली त्याने बोल्ट काढून, सळई खिडकीपर्यंत घालून, सव्वासोळावर खूण केली. मिस्त्रींनी चौपन्न वर्षांत एकदाही बोल्ट काढून नळी मोजलेली नाही. जगात दुसऱ्या कोणाला ही रीत सुचेल असं मला वाटत नाही. आणि ती तूच मला पायरी पायरीने, तीन वेळा केलं असं सांगत, सहीनिशी लिहून पाठवली आहेस.

तू कापलीस. लेथशिवाय, परवान्याशिवाय. तोंडाची कड कानशीने घासलीस, म्हणून गोळ्या डावीकडे जातात. आणि विचारल्यावर म्हाताऱ्या माणसाकडे बोट दाखवलंस, कारण तो ओरडणार नाही हे तुला माहीत होतं.

त्यांना मुलगा नाही म्हणून दुकान गेलं तर काय, असं तू लिहिलंस. मिस्त्री रोज सकाळी आठ वाजता बंद दुकानापुढे जाऊन उभे राहतात. त्यांच्या बायकोने मला सांगितलं. संध्याकाळपर्यंत तिथेच असतात, कारण घरी बसून काय करायचं हे त्यांना माहीत नाही.

चोवीस तारखेच्या आत कार्यालयात जा आणि खरा जबाब दे. आपणहून गेलास तर शिक्षा कमी होते, हेही त्याच पुस्तकात आहे. गेलास की मला एका ओळीने कळव. गेला नाहीस तर मी जाईन.

ताई

*

२३ मार्च

तीर्थस्वरूप वन्संना सा. न. वि. वि.

मी तुम्हाला आजवर पत्र लिहिलं नव्हतं. तुम्ही मला कधी फारसं जवळ केलं नाहीत, त्यामुळे लिहायचं धाडस झालं नाही. पण ह्यांनी तुमचं सतरा तारखेचं पत्र फाडून टोपलीत टाकलं आणि मी ते जोडून वाचलं. ते कार्यालयात गेलेले नाहीत. जाणारही नाहीत. मला म्हणाले, "ताई नुसती भुंकते, चावत नाही."

वन्सं, नळी मागच्या वर्षी पावसाळ्यानंतर एका रविवारी आमच्या गॅरेजमध्ये कापली. वाइसच्या पकडीत धरून, लोखंड कापायच्या करवतीने. तिचं दुसरं टोक हलत होतं म्हणून ते मी धरलं होतं. मी तेव्हा विचारलं होतं की मिस्त्रींकडे का नेत नाही. हे म्हणाले, "ते वहीत लिहितील, सही मागतील, मग दहा ठिकाणी उत्तरं द्या." मी पुढे बोलले नाही. बोलायला हवं होतं.

सोबत पार्सलमध्ये कापलेला तुकडा पाठवते आहे. हे म्हणाले होते फेकून दे. आमच्या मागच्या दाराच्या कडीत अडकवायचा दांडका हरवला होता, तिथे तो बरोबर बसला म्हणून राहिला. ह्यांनी तो रोज काढला घातला आहे, पण काय आहे ते त्यांच्या लक्षात नाही. नेमाची खूण अजून त्याच्यावर आहे. आता दार सुतळीने बांधते. विचारलं तर सांगीन, दांडका पुन्हा हरवला.

मिस्त्री दर वर्षी येऊन माझ्या शिवणयंत्राला तेल घालून जातात. ह्यांनी कधी त्यांना घरात बसा म्हटलं नाही, ते पायरीवर बसून चहा पितात. नोटीस आल्यावरही ते आले होते. मशीन उघडलं, तेल घातलं, मला म्हणाले, "सुई बदला, बोथट झाली." पायरीवर चहा पिऊन निघून गेले.

मला बोलावलंत तर मी येईन. जे पाहिलं ते सांगेन. मी टोक धरलं होतं हेही सांगेन. त्याचं मला काय होईल ते तुम्ही पुस्तकात बघून कळवा.

आपली भावजय

*

२५ मार्च

ताई,

चोवीस तारीख गेली, काही आभाळ कोसळलं नाही. मी वकिलाशी बोललो आहे. तो म्हणतो, गप्प बसा, म्हातारा सुनावणीत काही सिद्ध करू शकत नाही. त्याच्याकडे आहे काय? एक वही, आणि तीत काही लिहिलेलं नाही.

माझी पत्रं जाळून टाक. घरातली गोष्ट घरात राहू दे. बाबा असते तर त्यांनी आधी मुलाला वाचवलं असतं, हे तुलाही माहीत आहे. मिस्त्रींना मी नंतर माझ्या पद्धतीने बघून घेईन, त्यांना काही कमी पडू देणार नाही. क्लबात अध्यक्ष झालो की तिथे त्यांना खुर्ची टाकून देतो, रायफली पुसत बसतील.

तू लग्न केलं नाहीस, संसार केला नाहीस, म्हणून तुला सगळं पुस्तकासारखं सरळ वाटतं.

धाकटा

*

२६ मार्च

वन्सं म्हणतेस, तर ऐक.

पुस्तकात बघितलं. ज्याने मदत केली त्याने पहिल्या सुनावणीआधी आपणहून सांगितलं तर त्याच्यावर खटला होत नाही, ताकीद मिळते. कलमाचा आकडा कागदावर वेगळा लिहून दिला आहे, तो सोबत ठेव. अठ्ठावीस तारखेला साडेदहाला, सुनावणी सुरू होण्याआधी, कार्यालयाच्या पायऱ्यांशी ये. वाचायचा चष्मा आण. विचारतील तेवढंच सांग. रडायचं असेल तर आधी घरी रडून ये. सही करण्याआधी लिहिलेलं प्रत्येक वाक्य वाच, तुझ्या नवऱ्याने वाचलं नव्हतं.

तुकडा मिळाला. पावणेनऊ इंचाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी भरला. ते सूत करवतीत आणि कानशीत गेलं. सव्वापंधराला जोडलं की चोवीस होतात. याहून जास्त सिद्ध करायला मिस्त्रींना काही लागणार नाही.

तुला मी जवळ केलं नाही हे खरं आहे. याच्याशी लग्न केलंस म्हणून तुझीही अक्कल त्याच्याएवढीच धरली. तुला विचारून बघायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. चूक माझी आहे.

बाबांनी आधी मुलाला वाचवलं असतं असं तो मला लिहितो. बाबांनी त्याला दुकानात सहा महिने ठेवलं होतं, तुला माहीत नसेल. एकदा त्याने न विचारता एका गिऱ्हाइकाच्या बंदुकीला कानस लावली आणि मिस्त्रींचं नाव सांगितलं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. बाबांनी खरं काय ते ओळखलं, पण गिऱ्हाइकासमोर ते मिस्त्रींनाच बोलले आणि मिस्त्रींनी ऐकून घेतलं. त्या दिवशी वहीत मिस्त्रींच्या नावाने नोंद मी केली, बाबांनी सांगितली तशी. त्यामुळे धाकट्याला बाबांबद्दल जे वाटतं ते चुकीचं नाही. म्हणून तर मला या वेळी जायलाच हवं.

त्याच्या पंचवीस तारखेच्या पत्राला मी उत्तर देणार नाही.

ताई

*

शस्त्र-परवाना कार्यालय
२८ मार्च, दुपारी १ वाजून १० मिनिटं
दिल्या-घेतल्याची पोच

रायफलधारकाच्या बहिणीने कार्यालयाकडे दिलं:

१. रायफलीच्या नळीचा कापलेला तुकडा, एक. लांबी पावणेनऊ इंच उणे एक सूत. एका टोकाला करवतीच्या खुणा, दुसऱ्या टोकाशी नेमाची खूण शाबूत. परत हवा का: नाही.

२. दुरुस्ती दुकानाची कामाची वही, गेल्या दोन वर्षांची. परत हवी का: होय, मिस्त्रींच्या हाती.

३. दुकानाची जुनी वही, सदर रायफलीच्या नकाशासह. परत हवी का: होय, मिस्त्रींच्या हाती.

४. रायफलधारकाच्या पत्नीचं तेवीस मार्चचं पत्र. त्या स्वतः हजर, जबाब घेतला, वाचून सही केली. ताकीद देऊन सोडलं.

५. रायफलधारकाची बहिणीस आलेली पत्रं, मूळ प्रती, तीन. तारखा सात, चौदा आणि पंचवीस मार्च.

कार्यालयाने मिस्त्रींना दिलं: जमा असलेला दुरुस्तीचा परवाना, एक. दुकानाची किल्ली, एक. मिस्त्रींवरील नोटीस मागे घेतली. रायफलधारकावर नवीन नोटीस आजच्या टपालाने. उरलेली रायफल जप्त करण्याचा आदेश त्यासोबत.

अनुक्रमांक ५ बाबत कारकुनाने विचारलं की ही घरगुती पत्रं आहेत, खटला संपल्यावर परत पाठवायची का. देणाऱ्या बाईंनी त्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं: नकोत.